आधी गाव, मग नाव: इंग्रज घराण्याचा वसाहतकालीन अमेरिकेपर्यंतचा माग

अब्राहम लिंकन यांनी १८५९ साली स्वतःची थोडक्यात माहिती लिहून दिली. आजोबा व्हर्जिनियातून केंटकीला आले, त्याआधीची माणसं पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतली, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती, इथवर त्यांना सांगता आलं. न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) लिंकन घराण्याशी नातं जुळवायचा प्रयत्न झाला होता, पण त्यातून हाती आलं ते नावांचं साम्य: इनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम. गंमत म्हणजे नातं खरं होतं, पण पुरावा नव्हता. पुढे संशोधकांनी कागद जुळवले आणि ही साखळी इंग्लंडमधल्या नॉर्फोक परगण्यातल्या हिंगहॅम गावच्या सॅम्युएल लिंकनपर्यंत पोचली. अमेरिकेतल्या पूर्वजाचं इंग्लंडमधलं मूळ गाव शोधण्याच्या कामात कुठे काय अडतं ते याच घराण्यावरून नीट कळतं.

सुरुवात अमेरिकेच्या बाजूने, अलीकडून पलीकडे, एकेक पिढी करत करा. सॅम्युएल, मॉर्डेकाय, धाकटा मॉर्डेकाय, जॉन, अब्राहम, थॉमस आणि मग अध्यक्ष लिंकन, अशा सात पिढ्या आहेत. या वाटेत मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी असे मुक्काम लागतात. प्रत्येक जोडीसाठी बाप-लेकाचं नातं स्पष्ट सांगणारा एक तरी कागद हवा: मृत्युपत्र, जमिनीचं खरेदीखत किंवा इस्टेटीची वाटणी. न्यू इंग्लंडच्या गावांनी जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ठेवल्यामुळे तिथे काम सोपं जातं, दक्षिणेकडे मात्र जमिनीच्या कागदांवरच भिस्त ठेवावी लागते. काउंटीच्या सीमाही तपासा, कारण कागद त्या वेळच्या काउंटीच्या दप्तरात राहतो. जॉन लिंकन व्हर्जिनियात आला तेव्हा रॉकिंगहॅम काउंटी नव्हतीच. ती १७७८ साली ऑगस्टा काउंटीतून निघाली. त्याआधीचे कागद रॉकिंगहॅममध्ये शोधाल तर रिकाम्या हाती परताल.

खरी कसोटी समुद्र ओलांडताना लागते. फक्त नाव जुळलं म्हणून इंग्लंडमधला बाप्तिस्मा उचलून वंशावळीत चिकटवणं, ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी खोड आहे. मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅममध्ये सुरुवातीच्या काळात एकाच वेळी चार थॉमस लिंकन होते. गावकरीच त्यांना धंद्यावरून ओळखत: विणकर, गिरणीवाला, पिंपं करणारा आणि शेतकरी. अशा वेळी चौघांची चार पानं वेगळी ठेवा. धंदा, बायकोचं नाव, जमिनीचा तुकडा, शेजारी हे ज्याचं त्याच्या पानावर लिहा आणि कुठल्याच खुणेशी न जुळणारी नोंद कोणाच्याही गळ्यात न घालता बाजूला ठेवा. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ पाहून बाप-लेक ठरवू नका. त्या काळी गावातल्या दोन सारख्या नावांपैकी वयाने मोठ्याला सीनियर म्हणत, मग नातं असो वा नसो.

गाव ठरवायला प्रवाशांच्या याद्या उपयोगी पडतात, पण त्या थोड्याच उरल्या आहेत. १६३५ ची लंडन बंदराची आणि १६३७ ची ग्रेट यारमथ बंदराची यादी हाताशी आहे. यारमथच्या यादीत नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको, मुलगी आणि दोन नोकर आहेत. त्यातला एक ‘सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८’, जहाज ‘जॉन अँड डोरोथी’. नॉर्फोकमधल्या हिंगहॅमच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा ऑगस्ट १६२२ मध्ये झालेला, म्हणजे वय निघतं साधारण १५. अशा यादीतल्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक पाहून नोंद फेकून देऊ नका, पण तेवढ्यावर स्वीकारूही नका. इथे तोल सांभाळतात आजूबाजूची माणसं: त्याचे भाऊ थॉमस (विणकर) आणि डॅनियल, त्याच गावचे धर्मगुरू रॉबर्ट पेक आणि पीटर होबार्ट, आणि मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅमचा कारकून डॅनियल कुशिंग याने लिहून ठेवलेली, कोण कोणत्या वर्षी आलं याची यादी. माणसं एकेकटी कमी आणि गावच्या गाव जास्त निघत. तुमच्या माणसाचा उगम सापडत नसेल तर त्याच्या शेजाऱ्यांचा शोधा.

गाव ठरलं की पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्या उघडा. हेन्री आठव्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली त्या सुरू करायला लावल्या, तरी अनेक ठिकाणी त्या १५५८ पासूनच मिळतात, कारण १५९८ साली जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवताना एलिझाबेथ राणीच्या त्या वर्षीच्या (१५५८) राज्यारोहणापासून उतरवल्या तरी चालत होतं. तेव्हापासून दरवर्षी एक प्रत बिशपकडेही जाऊ लागली. मूळ पान फाटलं असेल तर ती प्रत मागा, दोन्ही असतील तर दोन्ही वाचा. १६४२ ते १६६० या यादवीच्या काळात वह्यांना मोठी खिंडारं आहेत, त्यामुळे त्या काळात नोंद नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. बाप्तिस्मा सापडला की पुढची १०-१५ वर्षं त्याच पॅरिशच्या दफनाच्या नोंदी तपासा. ते मूल दोन वर्षांचं असताना गेलं असेल, तर त्याला अमेरिकेत नेणारी वंशावळ तिथेच कोसळते.

तारखांचा घोळ ठरलेला आहे. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून १० फेब्रुवारी १६३१ ही आजच्या हिशेबाने १६३२ मधली तारीख. टिपताना १६३१/३२ असंच लिहा, स्वतःहून दुरुस्त करू नका. ‘पहिला महिना’ दिसला तर तो मार्च. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला.

त्या वेळचं सेक्रेटरी हँड हे वळण मोडीइतकंच अनोळखी वाटतं आणि मोडीसारखंच सरावाने सुटतं. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा ऑनलाइन पाठ फुकट आहे. ‘सी’ हे अक्षर ‘आर’सारखं, ‘ई’ उलटी, लांब ‘एस’ म्हणजे हमखास ‘एफ’ वाटणार. अनुक्रमणिका करणारेही इथेच फसतात, म्हणून आडनावाची पाच-सहा रूपं टाकून शोधा, आणि तरीही नाही मिळालं तर त्या पॅरिशची पानं एकेक करून उलटा.

मृत्युपत्रं मात्र सगळ्यात मोलाची, कारण ‘न्यू इंग्लंडमध्ये असलेला माझा मुलगा’ असं वाक्य सापडायची जागा हीच. सॅम्युएलचे आजोबा, स्वांटन मॉर्लीचे रिचर्ड लिंकन, यांनी मृत्युपत्रात थोरल्या एडवर्डला, म्हणजे सॅम्युएलच्या वडिलांना, डावललं. मुलं सातासमुद्रापार का गेली याचा एक धागा तिथे मिळतो. छोट्या माणसाचं मृत्युपत्र आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) कोर्टात, म्हणजे आज परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात. मालमत्ता एकापेक्षा जास्त बिशपांच्या हद्दीत असेल तर कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात, त्याचे कागद (१३८४ ते १८५८) लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. १६५३ ते १६६० दरम्यानची सगळ्या इंग्लंडची प्रकरणं तिथेच पाहा. वाचताना शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका: ‘कझिन’ म्हणजे बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा, ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही असू शकतो, ‘ब्रदर’ म्हणजे मेहुणाही.

व्हर्जिनिया किंवा मेरीलंडकडचा पूर्वज असेल तर तो मुदतीच्या करारावर, म्हणजे गिरमिटियासारखा, आला असण्याची शक्यता मोठी. ब्रिस्टल बंदराची १६५४ ते १६८६ ची नोकरांची वही म्हणून पाहाच. व्हर्जिनियात माणूस आणणाऱ्याला डोई ५० एकर जमीन मिळे. त्या दाव्यातली तारीख आगमनाची मानू नका: दावा कित्येक वर्षांनी लागे, आणि एकाच माणसावर दोघांनी जमीन उपटल्याचीही उदाहरणं आहेत. १७१८ नंतर शिक्षा म्हणून धाडलेल्यांसाठी लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे अहवाल शोधता येतात.

छापील वंशावळींपासून जरा लांब राहा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला गुस्ताव्ह अँजू नावाचा माणूस श्रीमंत अमेरिकनांना खोट्या वंशावळी करून विकत असे, आणि त्यातली काही नावं आजही ऑनलाइन झाडांवर लटकलेली दिसतात. समुद्रापलीकडे थेट सरदारापर्यंत धावणारी सरळ रेषा, सोबत कुलचिन्ह आणि एकाही कागदाचा पत्ता नाही, अशी वंशावळ दिसली की तिथेच थांबा. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला नव्हे, माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं. न्यू इंग्लंडसाठी रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्पाचे खंड आधी पाहा. त्यात तुमच्या माणसापुढे ‘उगम अज्ञात’ असेल, तर ऑनलाइन झाडावर लिहिलेल्या गावाला कागद मिळेपर्यंत पेन्सिलनेच टिपा.