स्ट्रॉबेरीचा वास मोजायचा असेल तर

वास मोजणाऱ्या यंत्राची चौकशी सगळे करतात, फळ कसं आणलं हे कुणी सांगत नाही. मी मात्र विश्लेषणासाठी आलेल्या नमुन्याबद्दल तेच आधी विचारते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घाट उतरून पुण्याला पोचेपर्यंत काही तास जातात आणि तेवढ्यात तिचा वास बदललेला असतो. म्हणून खरं काम शेतातच उरकायचं.

तोडणी सकाळी, पूर्ण लाल फळांची. देठाकडे पांढरं राहिलेलं फळ नको, कारण एस्टर, म्हणजे फळाच्या वासाची द्रव्यं, पिकतानाच तयार होतात. जास्त पिकलेलंही नको, त्यात एथिल अ‍ॅसिटेट चढतं. प्रत्येक वाणाचे किमान तीन नमुने घ्या. प्रत्येक नमुन्यात वेगवेगळ्या रोपांवरची आठ-दहा फळं असू द्या. देठ काढा, चार फोडी करा आणि लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका. गावात जनावरांचं कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे असतो तसलाच कंटेनर चालतो. गाडीत नेताना काचा उघड्या ठेवा. बंद गाडीत नायट्रोजन साठला तर ऑक्सिजन कमी पडतो, जिवावर बेतू शकतं.

गोठलेल्या फोडींची तशीच पूड करून उणे ८० अंशांत ठेवायची. मधे वितळू देऊ नका. पेशी फुटल्या की एन्झाइम फळातल्या मेदाम्लांवर तुटून पडतात आणि हेक्झॅनाल, ट्रान्स-२-हेक्झेनाल तयार होतात. हा कापलेल्या गवताचा वास. मग तुम्ही स्ट्रॉबेरी मोजत नाही, सुरी मोजता.

प्रयोगशाळेत २० मिलिलिटरच्या व्हायलमध्ये (काचेच्या कुपीत) २ ग्रॅम पूड, तेवढंच मिठाचं संपृक्त द्रावण आणि ठरावीक मात्रेत अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी घातलेलं ओळखीचं द्रव्य. मी २-ऑक्टेनॉल वापरते. तुमच्या फळात ते मुळातच नाही ना, हे आधी तपासा. मिठामुळे वासाची द्रव्यं पाण्यातून वर हवेत ढकलली जातात. व्हायल ४० अंशांवर १० मिनिटं स्थिरावू द्या, मग डीव्हीबी-कार्बोक्सेन-पीडीएमएस फायबर (वासाची द्रव्यं शोषून घेणारा लेप दिलेला बारीक धागा) ३० मिनिटं वरच्या हवेत ठेवा. तापमान वाढवलं की ग्राफ भरगच्च दिसतो, पण त्यात शिजलेल्या जॅमची द्रव्यं मिसळू लागतात. पुढे जीसी-एमएसमध्ये (द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रात) २५० अंशांवर फायबर मोकळा करा. द्रव्यं वेगळी करणारी बारीक नळी म्हणजे कॉलम, तो ३० मीटरचा, ओव्हन ४० ते २४० अंश, मिनिटाला ५ अंशांनी. वेगवेगळ्या वाणांचे नमुने आलटून-पालटून चालवा. एका दिवशी एक वाण, दुसऱ्या दिवशी दुसरा असं केलंत तर वाणातला फरक की झिजत चाललेला फायबर, हे कळायला मार्ग उरत नाही.

यंत्राच्या लायब्ररीने (ओळखीच्या द्रव्यांच्या संग्रहाने) दाखवलेल्या नावावर डोळे झाकून विश्वास नको. अल्केन या साध्या हायड्रोकार्बनांची मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स (द्रव्य कॉलममधून कधी बाहेर पडतं त्याचा आकडा) काढा आणि महत्त्वाच्या द्रव्यांना शुद्ध मानक लावा. वस्तुमान ७३, २०७, २८१ ठळक दिसले तर ते बहुधा सिलोक्सेन हे सिलिकॉनयुक्त द्रव्य, म्हणजे फायबर किंवा कॉलममधून आलेलं. ते सोडून द्या.

स्ट्रॉबेरीत तीनशेहून जास्त वाष्पशील द्रव्यं नोंदली गेली आहेत. नाकाला जाणवणारी त्यातली थोडीच. मिथाइल व एथिल ब्युटानोएट आणि हेक्झानोएट हे फळाळ एस्टर, फुलासारखं लिनालूल, पीचसारखं गॅमा-डेकालॅक्टोन, मेसिफ्युरान आणि कॅरॅमलची आठवण देणारं फ्युरॅनिऑल. यातलं शेवटचं फसवं. ते पाण्यात विरघळून बसतं, फायबरवर नीट येतच नाही. त्यामुळे ग्राफमध्ये दिसलं नाही म्हणून ‘या वाणात फ्युरॅनिऑल नाही’ असं लिहू नका; डायक्लोरोमिथेन या द्रावकाने वेगळं काढून मोजा. शिवाय ग्राफमधल्या शिखराची उंची म्हणजे वासाची ताकद नव्हे. प्रत्येक द्रव्याच्या मात्रेला त्याच्या गंध-उंबरठ्याने (नाकाला जाणवणाऱ्या किमान मात्रेने) भागा. एथिल ब्युटानोएटचं शिखर बुटकं असलं तरी या भागाकारात ते बहुतेकदा वर येतं.

पैदाशीसाठी सगळ्यात सोपं सापडतं ते गॅमा-डेकालॅक्टोन. ते एफएएफएडी१ या जनुकावर अवलंबून आहे, त्यामुळे रोप फळायची वाट न पाहता पानाच्या पीसीआर या जनुक तपासणाऱ्या चाचणीवरूनच निवड करता येते. मेसिफ्युरानसाठी एफएओएमटी जनुक आहे. एस्टरचं तसं नाही. हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटची तोडणी एकाच वाणाची असूनही वेगळी निघते, तेव्हा एका तोडणीवर वाण बाद करू नये. नुसत्या ब्रिक्सवरही (रसातल्या साखरेच्या मापावरही) नको. फ्लोरिडा विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात काही वाष्पशील द्रव्यांमुळे साखरेचा आकडा न वाढताही फळ अधिक गोड जाणवतं, असं दिसलं होतं. आपल्याकडे लावले जाणारे ‘स्वीट चार्ली’ आणि ‘विंटर डॉन’ त्याच विद्यापीठाचे वाण.

पैदासकाराच्या हाती ऐंशी शिखरांची यादी देऊ नका. वाण, तोडणीची तारीख, ब्रिक्स, आम्लता, सहा-सात द्रव्यांचे आकडे आणि शेजारी चाखणाऱ्यांचे गुण, एवढा एका पानाचा तक्ता द्या.