नॅनो पावडर, वेल्डिंगचा धूर आणि किडनी: काय सांभाळायचं

कंप्रेसरची हवा मारून कपडे झटकायची सवय असेल तर ती आजच सोडा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. भोसरी, चाकण, पिरंगुट, कुठेही शिफ्ट सुटताना बघा, एअर गन घेऊन आधी शर्ट, मग पँट, मग केस, आणि शेजारचा डब्याची पिशवी हातात धरून आपल्या नंबराची वाट बघत तीच धूळ ओढतोय. जाड धूळ खाली बसते हो, पण जी दिसत नाही ती बराच वेळ तरंगत राहते.

न दिसणारी म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचे कण, आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. वेल्डिंग, लेझर कटिंग, थ्रीडी प्रिंटिंग यात ते आपोआप तयार होतात, आणि लॅबमध्ये सिल्व्हर, झिंक ऑक्साइडच्या पावडरी तर मुद्दाम बनवतात.

लोक म्हणतात धूर छातीत जातो, किडनीचा काय संबंध? तर फुफ्फुसातून थोडे कण रक्तात उतरतात. २०१७ मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण श्वासातून दिले, तर ते २४ तासांत रक्तात आणि लघवीत सापडले आणि तीन महिन्यांनंतरही सापडत होते. त्यात हृदय पंप करतं त्यातलं साधारण पाचवा हिस्सा रक्त किडन्यांकडे जातं, रोज १८० लिटरच्या घरात पाणी गाळलं जातं, म्हणजे रक्तात जे फिरतं ते तिथे पोचणारच. ५-६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण बऱ्यापैकी लघवीवाटे निघून जातात, मोठे बहुतेक लिव्हर आणि प्लीहेत अडकतात, पण काही किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींमध्ये शिरतात.

खरा घोळ तिथे आहे. या पेशींना दिवसभर गाळलेल्या पाण्यातून मीठ, साखर परत ओढून घ्यायची असते म्हणून त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जा बनवणारे भाग, खच्चून भरलेले असतात, कण आत गेला की त्यांचं काम बिघडतं आणि ऑक्सिजनचे चवताळलेले रेणू बाहेर पडायला लागतात, शिवाय चांदी, तांबं, झिंकचे कण पेशीतल्या आम्लात विरघळून आयन, म्हणजे धातूचे विद्युतभारित अणू, सोडतात ते वेगळंच. पेशीकडे ग्लुटाथायोन नावाचं स्वतःचं संरक्षक रसायन असतं हे विझवायला, पण ते संपलं की पेशीच्या पडद्यातली चरबी अक्षरशः जुन्या गोडेतेलासारखी खवट होते, डीएनएला धक्का बसतो, सूज येते, पेशी मरते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. यातलं बरंचसं उंदरांवर आणि पेशींवर, तेही मोठ्या डोसने दिसलेलं आहे, त्यामुळे उद्या डायलिसिसला बसणार असं कुणी घाबरवत असेल तर ऐकू नका, पण कण आत जाऊ न देणं स्वस्त आहे एवढं नक्की.

आता करायचं काय. धूर निघतो तिथेच ओढणारा एक्स्ट्रॅक्टर लावून घ्या, त्याचं तोंड वेल्डपासून वीतभर अंतरावर हवं, आणि पाठीमागे लावलेला स्टँड फॅन म्हणजे आपला धूर शेजाऱ्याला पाठवणं, एवढंच. झाडू नाही, ओलं फडकं किंवा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा) व्हॅक्यूम. लॅबवाल्यांनी कोरडी पावडर उघड्यावर तोलू नये, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात, तोला आणि जमेल तिथे द्रावणातच वापरा. मास्क एन९५ हवा, रुमाल आणि निळा सर्जिकल मास्क याला काही उपयोगाचा नाही. गंमत म्हणजे अगदी बारीक कण इकडेतिकडे भरकटत असल्यामुळे एन९५च्या धाग्यांना उलट चांगले चिकटतात, घात होतो तो कडेच्या फटीतून, आणि दाढी असेल तर फट राहतेच. जेवायच्या आधी हात साबणाने, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

अजून एक, याबद्दल कुणी बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली घाम गाळायचा, पाणी कमी, आणि संध्याकाळी पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पेनकिलर गोळी, हे रोजचं झालं तर नुसत्या त्यानेच किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, मग कणांना नावं ठेवून काय उपयोग? पाणी प्या, गोळी डॉक्टरला विचारून. अँटिऑक्सिडंटच्या नावाखाली व्हिटॅमिन सीचे मोठे डोसही घेऊ नका, त्याने किडनीत ऑक्सलेटचे खडे होऊ शकतात. आणि ऑनलाइन मिळणारं चांदीचं पाणी, कोलॉइडल सिल्व्हर, तब्येतीसाठी पिणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून सांगा, पिऊ नका. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन मात्र बिनधास्त लावा, धडधाकट त्वचेतून ते आत जात नाही, फक्त स्प्रेवालं तोंडावर फवारू नका.

तपासणीत नुसतं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) नॉर्मल आलं म्हणून खूश होऊ नका, ते खूप उशिरा वाढतं, किडनीचं निम्मं काम गेलं तरी कधी कधी नॉर्मलच दिसतं. सोबत ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, बघा आणि लघवीतून प्रोटीन गळतंय का ते सांगणारी एसीआर टेस्ट करा, ती ३० mg/g च्या आत हवी. लघवीला सारखा फेस, पायावर सूज, बीपी वाढलेलं असेल तर लगेच दाखवा, आणि जाताना आपण कुठल्या धातूवर, कुठल्या पावडरीवर काम करतो ते चिठ्ठीवर लिहून न्या, नावं सुपरवायझरकडच्या सेफ्टी डेटा शीटवर (मालाच्या धोक्यांची माहिती असलेला कागद) असतात.