आयरिश कैद्याचा माग काढायचाय? आधी जहाज शोधा

ऑस्ट्रेलियाच्या काळ्या पाण्यावर धाडलेला आयरिश पूर्वज शोधायला बसणारे बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. जॉन केली नावाचे कैदी पैशाला पासरी! त्यात ओ'रायली कागदावर कधी रायली, तर कधी रीली. कारकुनाच्या कानाला जे लागलं ते वहीत उतरलं. वसाहतीतल्या दप्तरात कैद्याची ओळख असायची ती 'अमुक, तमुक जहाजाने आलेला' अशी. आपणही जहाजच धरायचं.

उदाहरणाला दरोडेखोर नेड केलीचा बाप घेऊ, टिपररीचा जॉन केली. दोन डुकरं चोरल्याबद्दल १८४१ मध्ये कॅशेलला त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

पहिला थांबा डब्लिन. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची १७९१ ते १८५३ ची हद्दपारांची सूची ऑनलाइन पाहता येते. आडनाव आणि खटला जिथे चालला ती काउंटी (आयर्लंडमधला जिल्हा) टाका. नाव निघालं नाही तर लगेच हिरमुसू नका. १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या वह्या १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत जळाल्या, त्यामुळे त्या काळातला माणूस सापडतो तो दयेचा अर्ज केला असेल तरच. असा अर्ज मिळाला तर मात्र सोडू नका, बायकापोरांचे हाल त्यात वाचायला मिळतात. आणि इंग्लंडमध्ये शिक्षा झालेला आयरिश माणूस या सूचीत नसतोच.

सूचीत जहाज सापडलं की त्याच्या नावापुढे साल लिहून ठेवा. केलीचं 'प्रिन्स रीजंट' जानेवारी १८४२ मध्ये टास्मानिया बेटावरच्या होबार्टला लागलं, पण याच नावाच्या जहाजातून त्याआधीही कैदी आले होते.

आता बंदर बघा. सिडनी असेल तर न्यू साउथ वेल्सचं दप्तर (तिथे कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं), फ्रीमँटल असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलियाचं, १८५० ते १८६८. होबार्ट निघालं तर नशीब समजा. टास्मानियाच्या वर्तन-नोंदवहीत एकेका कैद्याला उभं केलंय: उंची, कपाळ, भुवया, नाक, हनुवटी, अंगावरचं गोंदण. खाली बारीक अक्षरात त्याचे गुन्हे आणि शिक्षा, कुठे दारू प्यायला, कुठे मालकाला उलटून बोलला. अक्षर किचकट आहे. पान मोठं करून वाचा आणि 'टी. एल.' दिसलं की तिकीट ऑफ लीव्ह समजा, म्हणजे शिक्षा संपायच्या आत स्वतःचं काम स्वतः शोधायची मुभा.

राहिलं लग्न. शिक्षा भोगणाऱ्याला लग्नासाठी सरकारी परवानगी लागे, आणि त्या अर्जावर दोघांचीही जहाजं सापडू शकतात. केलीच्या बाबतीत ही वही उघडण्यात अर्थ नाही. तो १८४८ मध्ये सुटला, समुद्र ओलांडून पोर्ट फिलिपला (मेलबर्नच्या परिसराचं तेव्हाचं नाव) गेला आणि १८५० मध्ये एलन क्विनशी लग्न केलं. त्याच्यासाठी मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चची नोंद पाहायची.