हेड उतरवताना आणि फेस साफ करताना या चुका टाळा

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिककडे ट्रॅक्टरला उसंत नसते. रोज ब्लोअरची फवारणी, रेडिएटरची जाळी पाल्यानं आणि धुळीनं गच्च. इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली सील, जातं. मग मालक दारात उभा: "भाऊ, आजच द्या, उद्या फवारणी आहे." त्यांची अडचण खरी असते, पण हेडच्या कामातल्या बहुतेक चुका याच घाईत होतात.

गरम इंजिनचे हेड बोल्ट खोलू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना सुटलं की वाकतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मग कडेच्या बोल्टांपासून मध्याकडे या, प्रत्येक बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत थोडा थोडा सैल करत. आवळताना याच्या उलट, मध्यापासून कडेकडे. हेड हलत नसेल तर आधी एखादा बोल्ट राहिलाय का पाहा. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकलात तर फेसवर, म्हणजे गॅस्केट बसतं त्या पृष्ठभागावर, कायमची खाच पडते.

आता फेस. या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. एका पिकअपचा फेस ग्राइंडरला घासायची चकती लावून मिनिटांत चकचकीत केला. गाडी परत आली ती बेअरिंग वाजत. खालचं ऑइल चेंबर खोललं तर तळाशी राखाडी गाळ. तो बोटांत चोळला तेव्हा कचकच लागली, आणि माझी चूक कळली. अशा चकतीतून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी झडते, ऑइलच्या वाटेनं आत जाते आणि बेअरिंग खाऊन टाकते. शिवाय मऊ अ‍ॅल्युमिनियमवर चकती जिथे क्षणभर जास्त टेकते तिथे खोलगट होतं. डोळ्याला चमक दिसते, पण गॅस्केटला हवी असते सपाटी. तेव्हापासून फेसवर ग्राइंडर लावत नाही.

आधी पिस्टन आणि ऑइल-पाण्याची भोकं स्वच्छ कापडानं बंद करा. कापडाचे तुकडे मोजून ठेवा, तितकेच बाहेर यायला हवेत. जुन्या गॅस्केटवर गॅस्केट रिमूव्हर मारून थोडं भिजू द्या. अ‍ॅल्युमिनियमवर प्लॅस्टिकचा स्क्रॅपर, बिडाच्या ब्लॉकवर पातं चालेल, पण आडवं धरून. शेवटी ब्रेक क्लीनर मारून पांढऱ्या कापडानं पुसा, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत.

मग स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांवर ठेवून फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून पाहा. बऱ्याच हेडना 0.05 मिमीच्या आसपासच वाकाची सूट असते. तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त वाकलं असेल तर हेड फेसिंगला (मशीनवर घासून सपाट करायला) द्या, पण आधी विचारा. काही डिझेल हेड घासायची परवानगीच नसते, कारण व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. उतरवलेलं हेडही फेस खाली करून फरशीवर ठेवू नका. उघडे व्हॉल्व्ह वाकतात, फेसला ओरखडे येतात.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वेट लायनरच्या, म्हणजे सिलिंडरची वेगळी नळी थेट पाण्यात बसते अशा, इंजिनात हेड काढल्यावर लायनर दाबून न धरता क्रँक फिरवू नका. पिस्टनबरोबर लायनर उचलला की त्याच्या खालच्या, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा सुटतात. मग नवीन गॅस्केट टाकूनही पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि दोष गॅस्केटला दिला जातो.

बोल्टची भोकंही अशीच विसरतात. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) पूर्ण आकडा दाखवतो, पण हेड नीट दाबलेलं नसतं. कधी ब्लॉकलाच तडा जातो. तारेला कापड गुंडाळून प्रत्येक भोक टिपा, चष्मा लावून हवा मारा. कंपनीनं बोल्ट एकदाच वापरायचे सांगितले असतील तर नवेच घ्या. गॅस्केटवर 'टॉप' लिहिलेली बाजू वर ठेवा. मॅन्युअलमध्ये जागा दाखवली नसेल तर सिलिकॉन लावू नका. जास्तीचं आत जाऊन ऑइलची वाट अडवतं.