बायपासनंतर पळायला लागताय? या चुका टाळा

बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन होऊन तीन-चार महिने झाले की ठाण्याच्या तलावपाळीच्या फेऱ्या दम न लागता पूर्ण होतात आणि मनात येतं, आता थोडं पळून बघू. बऱ्याच जणांना कार्डिओलॉजिस्ट तशी परवानगी देतातही. पुढे ज्या अडचणी येतात त्यांतल्या पुष्कळशा मात्र हृदयापेक्षा छातीचं हाड, रक्त, गोळ्या आणि मनगटावरचं घड्याळ यांच्याशी निगडित असतात. महाधमनीचं ऑपरेशन झालेलं असेल, हृदयाचा स्नायू जाड असेल, पंपिंग बरंच कमी असेल किंवा छातीत आयसीडी (ठोके धोकादायक झाले तर शॉक देणारं यंत्र) बसवलेला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे पळायचं की नाही, हाच पहिला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं.

हाड जुळण्याआधी पळणं

ऑपरेशनमध्ये छातीचं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते नीट जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. मधुमेह असेल, सिगारेट चालू असेल किंवा छातीच्या आतल्या दोन्ही रक्तवाहिन्या बायपाससाठी वापरल्या असतील, तर त्याहून जास्त. वरची त्वचा तीन आठवड्यांत भरून येते, म्हणून आतलंही भरलं असं वाटतं. पळताना प्रत्येक पावलाचा हादरा आणि हातांचा झोका या हाडावर येतो. खोकताना किंवा कुशीवर वळताना छातीत ‘टक’ आवाज येत असेल, हाड सरकल्यासारखं वाटत असेल किंवा टाक्यांतून पाणी येत असेल, तर चालण्याखेरीज सगळं थांबवून सर्जनला दाखवा.

बागेतल्या ओपन जिमचे दांडे ही याच चुकीची दुसरी बाजू. पळत नाही, पण लोंबकळतो. पहिले तीन महिने लोंबकळणं, जोर, प्लँक काही नको.

टीएमटीचा अहवाल फक्त ‘निगेटिव्ह’ एवढाच वाचणं

टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवर चालवून घेतलेली हृदयाची चाचणी. पळणाऱ्याच्या कामाचा आकडा तिच्या अहवालात खाली असतो: मेट्स. शांत बसलेलं शरीर जेवढा प्राणवायू वापरतं तो १ मेट. ताशी ८ किलोमीटर वेगाने पळायला सुमारे ८ मेट्स लागतात. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. ६ मिनिटांत थांबलात तर झेप साधारण ७ मेट्सची, ९ मिनिटं पूर्ण केलीत तर १० च्या आसपास. म्हणजे ७ मेट्सवर थांबलेला माणूस ताशी ८ च्या वेगाने पळायला गेला, तर तो पहिल्या मिनिटापासून स्वतःच्या कमाल क्षमतेच्या वर असतो. अशा वेळी आधी भरभर चालण्याचे आणखी दोन महिने घालवणं शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट. निदानासाठीच्या टीएमटीआधी काही वेळा बीटा ब्लॉकर (ठोके कमी ठेवणारी गोळी) बंद करायला सांगतात. व्यायामाची मर्यादा ठरवायची असेल, तर चाचणी रोजच्या गोळ्या घेऊनच व्हायला हवी. चाचणी कशासाठी आहे हे आधी सांगा.

२२० वजा वय

बीटा ब्लॉकर घेणाऱ्याने हे सूत्र सरळ विसरावं. ५५ वर्षांच्या माणसाला घड्याळ कमाल १६५ ठोके दाखवतं आणि ७० ते ८० टक्के म्हणून ११६ ते १३२ मध्ये पळायला सांगतं. आता समजा, मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर घेऊन केलेल्या टीएमटीत त्याचे कमाल ठोके १२८ आले आणि बसल्या जागी ५८ आहेत. फरक ७०. त्याचे ५० ते ७० टक्के म्हणजे ३५ ते ४९. ते ५८ मध्ये मिळवले की ९३ ते १०७. खरा पट्टा हा. घड्याळाच्या पट्ट्याचं वरचं टोक तर त्याच्या कमाल ठोक्यांच्याही पलीकडे आहे.

मनगटावरचा सेन्सर पळताना पावलांचा ताल ठोके म्हणून मोजू शकतो. ठोके अनियमित असतील तर त्याचा भरवसा आणखी कमी. छातीवरचा पट्टा जास्त अचूक, पण व्रणावर घासतो. दंडावर बांधायचा सेन्सर हा बरा मधला मार्ग. आणि सगळ्यात स्वस्त मोजमाप म्हणजे बोलणं. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की चालायला लागा.

स्पर्धेच्या दिवशी गोळी न घेणं

गोळीमुळे वेग येत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावरचा हा उपाय मात्र या यादीतली सगळ्यात घातक चूक. बीटा ब्लॉकर अचानक बंद केला की ठोके आणि रक्तदाब उसळून वर येतात, आणि तेही नेमके हृदयाला सर्वाधिक प्राणवायू लागत असताना. डोस किंवा वेळ बदलायची असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला.

थेट पळायला लागणं आणि थेट थांबणं

४५ मिनिटं भरभर चालणं आठवड्यातून पाच दिवस, सलग महिनाभर, काही त्रास न होता जमलं की मग पळण्याची सुरुवात. १० मिनिटं चालणं, मग १ मिनिट हळू पळणं आणि २ मिनिटं चालणं असं आठ वेळा, शेवटी पुन्हा १० मिनिटं चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दोन आठवडे सहज गेले की पळणं २ मिनिटं करा. आधी वेळ वाढवा, वेग नंतर.

शेवटची १० मिनिटं घाईत सोडली जातात. पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात; एकदम थांबलात की रक्त खालीच साठतं, रक्तदाब पडतो, आणि त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची भर. चक्कर येऊन पडणं हे असंच घडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही इस्पितळात दाखवायचा.

इतकं सांभाळूनही दम फारच लागत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. ऑपरेशनमध्ये ते उतरतं आणि भरून यायला काही आठवडे जातात.

दमट हवेला हिशेबात न घेणं

ठाण्या-वाशीच्या हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला ठोके चढत जातात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी साडेसहापर्यंत आटपा आणि वेगाचा नाद सोडा. पाण्याचं प्रमाण सरसकट सांगता येत नाही. लघवी वाढवणारी गोळी किंवा पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या. शहाळं निरुपद्रवी वाटतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर रोज शहाळं घेण्याआधी विचारा, कारण या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. दोन-तीन दिवसांत वजन २ किलो वाढलं किंवा दोन्ही पाय सुजले, तर ते पाणी साठणं असू शकतं. पळू नका, फोन करा.

पावसाळ्यात ताप आला की पळणं बंदच. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि तुम्ही ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असता, म्हणून रक्तस्रावाचा धोका.

चढ आणि एकांत

येऊर आणि पारसिक हिल पहिल्या वर्षी विसरा. चढावर वेग तोच ठेवला तरी हृदयावरचा भार खूप वाढतो, आणि येऊरच्या वळणांवरून ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागतो. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं मिनी सी शोअर, खारघरचं सेंट्रल पार्क, उपवन तलाव इथे सपाटी आहे आणि पहाटेही माणसं असतात. पाम बीच रोडवर पहाटेच्या गाड्यांचा वेग बघता मुख्य रस्ता टाळाच.

गुडघा दुखला म्हणून पेनकिलर

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचं काम अडवू शकतं. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील तर स्टॅटिनची (कोलेस्टेरॉलच्या गोळीची) शंका घ्या. लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा. बायपाससाठी ज्या पायातून शीर काढली तो संध्याकाळी थोडा सुजणं आणि घोट्याजवळ बधिर वाटणं बरेच महिने चालतं. पोटरी एकाएकी दुखून गरम झाली तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

‘गॅस असेल’

पळताना छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, अचानक धडधड, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही आलं की बसा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिलेली असेल तर आधी बसून मगच ठेवा, कारण तिने रक्तदाब उतरतो. ५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन लावा. गोळी नसेल तर लगेच लावा. स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. गोळी घामाने भिजणाऱ्या खिशात सुटी न ठेवता तिच्या मूळ पाकिटासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. सोबत एक कागदही: ऑपरेशन कोणतं आणि कधी, चालू गोळ्या, झडप कृत्रिम असेल तर शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा), घरच्यांचा नंबर. स्पर्धेच्या बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागच्या बाजूलाही हेच लिहा.