पेशंट ‘कसंतरी होतंय’ म्हणाला तर

नवीन लागलेल्या पोरी विचारतात, सिस्टर, पेशंटशी बोलायला वेळ कुठून आणायचा? चाळीस खाटा, जमिनीवर गाद्या आणि नाईटला आपण दोघी. वेगळा वेळ मिळत नाही गं. बीपीचा पट्टा बांधताना, सलाईन बदलताना जेवढं बोलशील तेवढंच.

खाटेशी गेलीस की आधी नाव. घरी नाना म्हणत असतील तर तूही नानाच म्हण, ‘बारा नंबर’ राऊंडपुरतं ठेव. औषध देताना मात्र पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून वदवून घे. आमच्या मिरजेकडे एका वॉर्डात तीन-तीन पाटील असतात.

मग दुखण्याचे शब्द ऐक. शून्य ते दहात मार्क द्या म्हटलं की आजी म्हणतात, “लई दुखतंय बघ.” तेव्हा विचार, ठणकतंय, टोचतंय, का कळ येऊन जाते? जखम ठणकत असेल तर ताप बघ, ड्रेसिंग बघ, आत पू धरलेला असू शकतो. पायांची आग होते, मुंग्या येतात म्हणाल्या तर शुगर आहे का विचार. नसांचं दुखणं साध्या गोळीला दाद देत नाही, म्हणून डॉक्टरांनाही ‘आग होते’ हाच शब्द सांग, नुसतं ‘पेन आहे’ म्हणू नको. सीमेपलीकडचे कानडी पेशंट आले तर “नोवु ऐतेन्री? एल्ली?” एवढं तरी येऊ दे. दुखतंय का, कुठं. माझे उच्चार ऐकून हसतात, पण बोट ठेवून दाखवतात.

‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतोय’ हे शब्द आले की हातातलं काम टाक. इन्सुलिनवरचा पेशंट घामाघूम असेल तर ग्लुकोमीटर आण. 70 च्या खाली असेल आणि शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून दे, 15 मिनिटांनी पुन्हा तपास. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच डॉक्टरांना हाक मार. शुगर ठीक असूनही घाम, घाबरं चालूच असेल तर 10 मिनिटांत ईसीजी. शुगरच्या पेशंटला, त्यातही बायकांना, छातीत न दुखताही अटॅक येतो.

आता माझी चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक आजोबा रात्री तीन वाजता सलाईन ओढायला लागले, शिव्या द्यायला लागले. मी आणि वॉर्डबॉय मामांनी मिळून त्यांचे हात खाटेला बांधले. पाच वाजता वॉर्डातल्या आया मावशी पांघरूण नीट करायला गेल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, पोट बघा की.” बेंबीखाली टम्म फुगलेलं. लघवीच्या कॅथेटरची नळी त्यांच्याच मांडीखाली दुमडली होती. नळी सोडवली तशी पिशवी भरली आणि दहा मिनिटांत आजोबा घोरायला लागले. मनगटावर वळ तसेच. तेव्हापासून म्हातारा माणूस रात्री बिथरला की मी आधी लघवी बघते, मग ऑक्सिजन, शुगर, दुखणं, संडास साफ झाली का ते. चष्मा आणि कानाचं यंत्र घालून देते, घरच्या माणसाला उशाशी बसवते. बांधणं अगदी शेवटी, तेही डॉक्टरांना विचारून.

हलता न येणाऱ्याची कूस दर दोन तासांनी बदल. माकडहाड, टाचा, खुबे रोज उघडून बघ. लाल डाग बोटाने दाबून फिका पडला नाही तर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय, तिथं चोळायचं नाही. कूस वळवताना “नाना, आता डावीकडं वळवते हं” असं म्हण. बेशुद्ध असले तरी म्हण. आणि पडदा ओढ. पडदा नसेल तर दोन चादरी आणि एक मावशी पुरतात.

ऑपरेशनला नेताना वारकऱ्याची तुळशीची माळ कात्रीने कापू नको. आधी थिएटरमध्ये विचार, चालत नसेल तर त्याच्या देखत मुलाच्या हातात दे आणि परत आल्यावर आठवणीने मागून घे.

सकाळी ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती, देताना ‘पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह’ लिहायची फार सवय असते आपल्याला. त्याऐवजी लिही : रात्री दोनला म्हणाले, “पोटात गोळा उठतोय,” पोट कडक, लघवी शेवटची दहाला.