हाडाविना पोर्क रोस्ट: घरच्या ओव्हनसाठी कृती

सांगलीत पोर्कची दुकाने मोजकी आहेत आणि बहुतेक गिऱ्हाईक रस्स्यासाठीच मांस नेते, त्यामुळे आधी सांगितले नाही तर विक्रेता सवयीने त्याचे बारीक तुकडे करून देतो. रोस्टला मात्र सलग तुकडाच लागतो. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवावे आणि कोणता भाग हवा तेही स्पष्ट करावे. खांद्याच्या मांसात चरबी आणि चिवट पडदे भरपूर असतात. ते विरघळून मऊ होण्यासाठी आतले तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते आणि त्याला तीन-चार तास जातात. पाठीचा भाग कमी चरबीचा असल्यामुळे इतक्या उष्णतेत तो कोरडा, भुशासारखा होतो. पुढील कृती पाठीच्या सव्वा किलोच्या तुकड्यासाठी आहे.

मांस गुलाबी आणि त्यावरील चरबी पांढरी, घट्ट असावी. मांसात साबुदाण्यासारखे पांढरट दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे असू शकतात. असे मांस स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आदल्या रात्री वरच्या चरबीवर सुरीने चौकटीसारख्या उथळ रेघा माराव्यात. मग १८ ग्रॅम मीठ, एक चमचा हळद, दोन चमचे आले-लसूण वाटण आणि एक चमचा मिरपूड सर्व बाजूंनी चोळून तुकडा झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. रात्रभरात मीठ आतपर्यंत उतरते, आणि शिजताना मांसातला रस धरून ठेवण्याचे काम तेच करते. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळू नये, असा माझा आग्रह आहे. सकाळी तुकडा अर्धा तास बाहेर ठेवावा, कोरडा पुसावा आणि दोन-दोन बोटांच्या अंतरावर सुती दोऱ्याने बांधावा. तुकडा सर्वत्र सारख्या जाडीचा झाला की तो एकसारखा शिजतो.

आपल्याकडच्या कांदा-लसूण मसाल्याचा मोह येथे आवरावा लागतो. पहिल्या वेळी मी तो सुरुवातीलाच लावला, आणि त्यातला भाजलेला कांदा व खोबरे तासाभरात करपून सगळा रोस्ट कडवट झाला. आता मी दोन चमचे मसाला, एक चमचा किसलेला गूळ आणि चिंचेचा थोडा कोळ एकत्र करून शेवटच्या पंधरा मिनिटांसाठीच लावते.

बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात तुकडा सर्व बाजूंनी तांबूस परतून घ्यावा आणि १६० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये, चरबीची बाजू वर ठेवून, जाळीवर ठेवावा. खालच्या ट्रेमध्ये वाटीभर पाणी घालावे. साधारण तासाभरात तो होत आला असला तरी घड्याळावर विसंबू नये. मांसाचा थर्मामीटर सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत खुपसून पाहावे. अमेरिकेत २०११ पासून सलग तुकड्यासाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानली जाते, पण दुकानातल्या मांसाची तपासणी झाली आहे याची खात्री नसताना मी ७१ अंशांपर्यंत जाते. बाहेर काढल्यावरही आतले तापमान तीन-चार अंश चढते. तेव्हा ६८ दिसताच ओव्हन बंद करून तुकडा बाहेर काढावा आणि ७१ चा आकडा गाठला की नाही, हे पुन्हा पाहावे. मधेच वीज गेली तर ओव्हनचे दार उघडू नये, आतली ऊब बराच वेळ टिकते. मात्र वीज लवकर येण्याची चिन्हे नसतील तर तुकडा जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर पूर्ण करावा.

बाहेर काढलेला रोस्ट सैलसर झाकून पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा. लगेच कापला तर रस ताटात वाहून जातो. तेवढ्या वेळात ट्रेमधल्या रसावरची चरबी काढून टाकावी, त्यात भिजवलेले मूठभर तासगावचे बेदाणे घालावेत आणि दाटसर होईपर्यंत उकळावे. तिखट-आंबट मांसाशेजारी ही गोडी फार शोभते.

दोरा काढून धारदार सुरीने तंतूंना आडवे, बोटाच्या निम्म्या जाडीचे काप करावेत आणि शाळूच्या गरम भाकरीबरोबर वाढावेत. उरलेले काप फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. ते पुन्हा ओव्हनमध्ये न घालता बारीक चिरून कांद्यावर परतावेत.